वहिनीचा कोंडा

आमच्या गावात अजूनही कुणाचं पोट बिघडलं की माझा दाखला देतात. "तां बघ, मास्तरांचां चेडू. पोटात जखम झालेली. वयनेन कोंडो घालून बरां केल्यान." मास्तर म्हणजे माझे वडील, आणि ते चेडू, म्हणजे ती मुलगी, मी. यातलं जखमेचं साफ खोटं आहे. कोंड्याचं खरं आहे. आणि वहिनीने बरं केलं, हे अशा तऱ्हेने खरं आहे की त्यापेक्षा खोटं परवडलं असतं.

मालवणपासून एस.टी.ने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी अकरावीत असताना ते वारले. थोरला भाऊ मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. म्हणजे घरात बाराही महिने तिघीच: आई, वहिनी आणि मी. वहिनी आमच्याच उपकेंद्रात नर्स होती. पांढरी साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून ती वाडीवाडीत फिरायची, बायका तिला बघून अंगणातला पाट पुढे करायच्या. तीच वहिनी घरात आली की पाय धुऊन, साडी बदलून आईच्या मागे कालवण ढवळायला उभी राहायची. बाहेर नर्सबाई, घरात सून. दोन्ही बायका एकाच अंगात कशा मावतात याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

मला वडिलांसारखं शाळेत शिकवायचं होतं. याच्यापलीकडे माझी महत्त्वाकांक्षा नव्हती आणि याच्यात तडजोड करायचीही तयारी नव्हती. बारावी झाल्यावर मी डी.एड.चा अर्ज भरला. तो भरायला माझ्या शेजारी वहिनी बसली होती. मुलाखतीला जाताना तिनेच तिची निळी साडी मला दिली आणि बसमध्ये उलटी होईल म्हणून रुमालात लिंबू बांधून दिलं. मला बहीण नव्हती, आणि वहिनी घरात आल्यापासून बहीण नसल्याचं मला जाणवलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

त्याच उन्हाळ्यात वालावलहून एक स्थळ आलं. चहा-पोहे झाले, मुलगा छताकडे बघत बसला होता, आणि त्यांच्यातली एक बाई ओटीवरून उतरता उतरता दुसरीला म्हणाली, "चेडू फिकां दिसता गो. आंगात रगत कमी आसा काय?" हळू म्हणाली, पण आमच्या ओटीवर हळू बोललेलं जास्त ऐकू येतं. आईने ऐकलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पिशवीतून लाल गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. गरोदर बायकांना वाटायच्या लोहाच्या गोळ्या. मी एक घेतली. अर्ध्या तासात मी माडाच्या मुळाशी ओकले. तोंडात जुन्या खिळ्याची चव दिवसभर राहिली. मी पाकीट आईपुढे आपटलं आणि म्हटलं, "माझां रगत माका पुरता. कोणाक दाखवूक तां वाढवूचां नाय माका." आईने पाकीट उचलून ठेवलं. वहिनी खाली बघून हसली. मला वाटलं, ती माझ्या बाजूने हसली.

त्यानंतर रोज रात्री जेवताना मला सोलकढीची वेगळी वाटी मिळायला लागली. आधी सगळ्यांची कढी एकाच तपेल्यातून यायची. वहिनी म्हणाली, "बाय, ही तुझी वाटी. तुका आंबट आवडता म्हणान सोलां जास्ती घातलंय." माझी कढी इतरांपेक्षा काळपट जांभळी दिसायची. मी एकदा विचारलंही. "सोलां जुनी आसत," वहिनी म्हणाली. जुनी कोकमं काळी पडतात, हे कोकणातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. मी वाटी तोंडाला लावून घोटात संपवायची आणि उरलेलं बोटाने पुसून खायची. आपल्यासाठी कुणीतरी वेगळं काही करतं, ही भूक पोटाच्या भुकेपेक्षा वाईट.

आठवड्याभरात माझं पोट बिघडलं. बेंबीभोवती पीळ पडायचे. तीन-तीन दिवस परसाकडे व्हायचं नाही, आणि झालं की काळंकुट्ट, डांबरासारखं. मी घाबरले. आईला सांगायची सोय नव्हती, ती लगेच देवाला नारळ बोलली असती. मी वहिनीला सांगितलं. नर्सच ती, तिला नाही तर कुणाला सांगणार? ती विहिरीवर पाणी काढत होती. तिचा हात रहाटावर थांबला. मग ती म्हणाली, "उष्णता असतली. गप रव. कोणाक सांगू नको." मी गप्प राहिले. तिने सांगितलं म्हणजे औषधच मिळालं, असं मला वाटलं.

आणि तेवढ्यात पत्र आलं. डी.एड.ला माझा नंबर लागला होता. दाखले, फोटो, आणि सरकारी डॉक्टरांचं तब्येत ठीक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन दहा दिवसांत हजर व्हायचं. ते पत्र मी वडिलांच्या फोटोला लावून ठेवलं होतं. आई म्हणाली, "दोन वर्सां थंय रवाक होया?" मी म्हटलं, "होय. वसतिगृह आसा." ती उठून मागीलदारी गेली.

प्रमाणपत्रासाठी मी वहिनीबरोबर आरोग्य केंद्रात गेले. तिथले डॉक्टर वहिनीचे साहेब. घाटावरचे, तरुण, चष्म्याचे, फार सरळ माणूस. वजन झालं, उंची झाली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. मग त्यांनी सवयीने विचारलं, "पोटाची काही तक्रार?" मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी मास्तरांची मुलगी, आणि समोर सरकारी कागद. खरं तेच सांगितलं. काळं होतं, असं मी म्हणाले. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"किती दिवस?"

"महिनाभर."

"लोहाच्या गोळ्या, टॉनिक, असलं काही चालू आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

मला तो प्रश्नच विचित्र वाटला होता. वहिनी माझ्या मागे उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात किंचित घट्ट झाला. मी समजले, ती मला धीर देते आहे.

डॉक्टर म्हणाले, मग आत कुठेतरी रक्त जातं आहे, बहुतेक अल्सर, म्हणजे पोटातली जखम. अशा स्थितीत मी तंदुरुस्त लिहून देऊ शकत नाही. कोल्हापूरला जाऊन क्ष-किरण फोटो काढून आणा, तो बघून लिहितो. तोवर तिखट बंद, चहा बंद. ते वहिनीकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या घरचीच आहे, तुम्ही लक्ष द्या." वहिनी म्हणाली, "हो सर." तिचं ते हो सर माझ्या कानात अजून आहे. अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत.

कोल्हापूरला घेऊन जायला भाऊ हवा होता. भावाला रजा महिन्याने मिळणार होती. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी मी पत्र फोटोच्या काचेवरून काढलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. रडले नाही. पोटात जखम असलेल्या माणसाने रडू नये, पीळ पडतो, असं वहिनीने सांगितलं होतं.

आता कोंडा.

आमच्याकडे कोंडा म्हणजे कोंबड्यांचं खाणं. गिरणीतून भात भरडून आणलं की तांदूळ माणसांना, तूस चुलीला आणि कोंडा कोंबड्यांना. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा असं म्हणतात खरं, पण ते बोलण्यापुरतं. मास्तरांच्या घरात कुणी कोंडा खाल्लेला नव्हता. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने कोंड्याचा डबा खाली काढला. लाल उकड्या तांदळाचा कोंडा तिने बारीक चाळणीने चाळला, लोखंडी नव्हे तर मातीच्या तव्यात भाजला, नाचणीच्या न चाळलेल्या पिठात मिसळला आणि गूळ, ओलं खोबरं घालून त्याची दाट पेज केली. आई ओरडली, "कोंबयेचां खाणां माणसाक घालतंस काय गो?"

"पोटाक बरां, आये. आमका ट्रेनिंगात सांगलेलां."

"तुमच्या ट्रेनिंगात कायव सांगतत," आई म्हणाली. पण तिने अडवलं नाही.

मग रोजचा नेम झाला. जेवणात ती कढीची वाटी असायचीच, आणि वाटी संपते न संपते तोच वहिनी कोंड्याच्या पेजेचा वाडगा पुढे करायची. मी एकदा म्हटलं, सकाळी घेते, रात्री पोट भरलेलं असतं. ती नेहमी नाही अशा आवाजात म्हणाली, "नाय. कढीवांगडाच पियाक होयी. पाठोपाठ." मी प्यायले. घशात भुसा अडकल्यासारखं व्हायचं. पण आठवड्याभरात पीळ कमी झाले. पंधरा दिवसांत पोट रोजच्या रोज साफ व्हायला लागलं. काळेपणा होताच, पण डांबर राहिलं नव्हतं. मला भूक लागायला लागली. कोंड्याचा मांडा करणं म्हणजे काय ते मी वहिनीकडून शिकले असं मी शेजारणींना सांगायची, आणि ते सांगताना माझे डोळे भरून यायचे. दिवसभर वाड्या पालथ्या घालून आलेली बाई माझ्यासाठी चाळण घेऊन बसते! सख्ख्या बहिणीने केलं असतं का?

वहिनी मात्र कौतुक केलं की उठून जायची. मी म्हणायची, किती साधी आहे.

भाऊ आला, कोल्हापूर झालं, फोटोत काही निघालं नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, व्रण असेल तर भरून आला. परत आल्यावर कढीची वेगळी वाटी आपोआप बंद झाली आणि चार दिवसांत काळं व्हायचंही थांबलं. मी दोन्हींचा संबंध लावला नाही. लावला तो एवढाच, की कोंड्याने गुण दिला. गावानेही तोच लावला. पोटाची तक्रार असलेल्या बायका वहिनीकडे कोंड्याची कृती विचारायला येऊ लागल्या.

पुढच्या वर्षी मी अर्ज करू शकले असते. केला नाही. कुणी करू नको म्हणालं नाही, मीच केला नाही. आपलं पोट आतून फाटकं आहे अशी माझी खात्रीच होती. वसतिगृहातलं तिखट, लांबचा प्रवास, रात्री दुखलं तर कोण? तीन वर्षं मी स्वतःच्या घरात पेशंटासारखी वावरले. माशाचं तिखट सोडलं. पोहायला जायची, ते बंद केलं. जोरात हसायचं बंद केलं, हे आता लिहिताना लक्षात येतं. गावात अंगणवाडी निघाली तेव्हा मी तिथे सेविका म्हणून लागले, कारण ती घरापासून चार पावलांवर होती आणि दुपारी घरी येऊन कोंड्याची पेज पिता यायची. मी ती अजून पीत होते. आवडायला लागली होती.

जिल्हा नवा झाला होता आणि ओरोसला कचेऱ्या उभ्या राहत होत्या. तिथे आम्हा सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. जांभ्या दगडाच्या एका नव्या इमारतीत, भिंतींना अजून चुन्याचा वास, आम्ही चाळीसेक बायका सतरंजीवर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या कशा द्यायच्या ते सांगत होत्या आणि आम्ही वहीत उतरवून घेत होतो. त्या म्हणाल्या, "बायका गोळ्या फेकून का देतात? कारण संडास काळी होते आणि त्या घाबरतात. तेव्हा आधीच सांगून ठेवा, गोळीने काळी होतेच, तो आजार नाही. काहींना मळमळतं, पोटात दुखतं, खडा होतो."

मी लिहिलं. काळी होतेच, तो आजार नाही. पूर्णविराम दिला आणि पेन उचललंच नाही.

त्या पुढे म्हणाल्या, "गोळी चहाबरोबर द्यायची नाही. आणि कोंड्याची भाकरी, नाचणीची न चाळलेली पेज, असलं लगेच वर खायचं नाही. एरवी चोथा पोटाला चांगलाच. पण कोंडा लोहाला धरून ठेवतो. अंगी लागू देत नाही, तसंच घेऊन बाहेर पडतो."

मी हात वर केला. प्रशिक्षणात मी कधी प्रश्न विचारत नसे. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाई, एखादीला गरज नसताना कुणी गोळ्या घातल्या, आणि वर रोज कोंडा खायला दिला, तर?"

"तर पोटाला त्रास कमी होईल. कोंडा जास्तीचं लोह बांधून टाकेल. पण असं कोण करेल, बाई? एका हाताने घालायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला ते हसू आठवलं की आजही स्वतःची शरम वाटते.

तिसऱ्या दिवसाचं प्रशिक्षण मी केलं नाही. कुडाळला बस बदलून दुपारी घरी आले. बसमध्ये मला एकामागून एक सगळं दिसत होतं. रहाटावर थांबलेला हात. खांद्यावर घट्ट झालेला हात. कढीवांगडाच पियाक होयी, पाठोपाठ. विश्वासाने केसाने गळा कापला म्हणतात, माझा तर गूळ-खोबरं घालून कापला होता.

वहिनी मागीलदारी पांढरी साडी निळीत घालत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "वयनी, माझ्या कढयेत गोळये होते?"

तिने साडी पिळली, दोरीवर टाकली, कडा सरळ केल्या. मग म्हणाली, "होय."

ती खोटं बोलली असती तर मी किंचाळले असते. तिने होय म्हटल्यावर माझी किंचाळीही गेली.

"गोळये मी माझ्या पिशयेतसून हाडलेलंय. आयेन सांगलेलां. चेडू फिकां म्हणतत, तोंडान घेणा नाय, कढयेतसून घाल म्हणान. पयलो महिनो मीच घातलंय."

"डॉक्टरांनी इचारल्यानी तेवा तू माझ्या मागे उबी होतंस."

"तुका इचारल्यानी. माका इचारलेलां असतां तर मी सांगलां असतां."

तीन वर्षं हे एक वाक्य तिने जपून ठेवलं असणार. मग ती खाली बसली आणि भराभर बोलली. सरकारी गोळ्या घरात वापरल्या, त्याही लपवून, हे साहेबांसमोर आलं असतं तर तिची नोकरी गेली असती. भावाने तिला काय म्हटलं असतं? म्हणून त्या दिवसापासून तिने घालणं बंद केलं. पण पाकिटं आईच्या ताब्यात होती. आई स्वतः कुटून घालायला लागली.

"तुका ठावक होतां? ती घालता तां?"

"ठावक होतां. मी सासवेक नको घालू कसां सांगतलंय? म्हणान कोंडो घातलंय, बाय. ती घाली, मी बांधी. जमात तितक्या मी बाहेर काढलंय."

म्हणजे माझ्या पोटात तीन आठवडे, महिना, दोघी जणी ओढाओढ करत होत्या. सासू-सुनेला तोंडावर बोलता येत नव्हतं म्हणून त्या माझ्या आतड्यांतून बोलत होत्या. आणि मी दोघींच्या हातचं पुसून खात होते.

"माका एक शबूद सांगलंस असतंस तर काय झालां असतां?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडात तीळ भिजता खंय?" ती म्हणाली. मग रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं नाही.

आई ओटीवर फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफत बसली होती. मी तिला विचारलं तेव्हा ती दचकलीही नाही. "मगे? इख घातलंय काय तुका? रगत वाढाचां औषध तां."

"काळां कित्याक होता तां तुका ठावक होतां?"

"सुनेन सांगलेलां."

"मगे डॉक्टराक सांगूक नाय? माझो नंबर गेलो, आये."

"सांगलेलां असतां तर तू गेलंस असतंस," आई म्हणाली.

इतकं साधं. मी तीन वर्षं समजत होते की तिला माझं लग्न हवं होतं म्हणून शिक्षण नको होतं. मी तेच बोलून दाखवलं. ती हातातलं फूल खाली ठेवून म्हणाली, "लगीन? तीन स्थळां इली. मी एकाक तरी होय म्हटलंय? तुझो बापूस गेलो, भाव मुंबयक. ह्या घरात मी कोणाच्या तोंडाकडे बघूचां होतां?" वहिनी दारात उभी होती. आठ वर्षं तिच्या हातचं जेवणाऱ्या सासूचं ते वाक्य तिनेही ऐकलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपण विचारत होतं, शेताशिवाय मी कुणाला राखू?

मला आईची कीव यायला हवी होती. आली नाही. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी मी मागच्या पडवीत तीन चिरे मांडले, गावातून एक मडकं, एक तवा आणि एक पळी आणली, आणि माझं वेगळं शिजवायला सुरुवात केली. चूल वेगळी होते ती भावाभावांची, वाटणी झाल्यावर. लग्न न झालेल्या मुलीने आईच्या घरात वेगळी चूल मांडलेली आमच्या गावाने पाहिली नव्हती. बायका पाणी मागायच्या निमित्ताने येऊन बघून गेल्या. भावाचं पत्र आलं, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी उत्तर लिहिलं नाही. वहिनीने तिसऱ्या दिवशी आपल्या चुलीतला विस्तव पळीवर आणून माझ्या चिऱ्यांपाशी ठेवला. मी आगपेटी काढली आणि माझा माझा जाळ केला. तिचा विस्तव तिथेच विझला.

त्या वर्षी मी डी.एड.चा अर्जही भरला. पण तोवर गुणांची चढाओढ वाढली होती, माझा नंबर लागला नाही. पुढे मी अंगणवाडीतच राहिले. मुलांना शिकवलं, ते मला आवडलंही. पण ते मी निवडलं नव्हतं.

चूल मांडल्यावर आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी वहिनी कामावर गेली होती आणि मी कुळथाची पिठी आणि भात करून नुकतीच बसत होते. आई आपलं ताट घेऊन पडवीत आली. पाटही न घेता जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माका वाढ." मी वाढलं. तिने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्यात काय घातलंस गो?"

मी मिठाशिवाय काही घातलं नव्हतं. आणि मी उत्तर दिलं नाही. तिला एकदा तरी कळू दे, असं मला वाटलं.

मग तिने भात पिठीत कालवला आणि जेवायला लागली. मध्ये एकदा पिठी मागून घेतली. शेवटच्या शितापर्यंत जेवली, ताट धुऊन पालथं घातलं आणि आत निघून गेली. मी काय घातलंय याचा तिने पुन्हा विचारही केला नाही, कारण वाढणारी तिची पोटची पोर होती. तिच्या त्या निर्धास्त जेवण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा त्या गोळ्यांचाही कधी आला नव्हता.